गोष्टींचा तास



आमच्या गावात एक लहानसे वाचनालय आहे. एक खोली, दोन कपाटे आणि एक लांब सतरंजी. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तिथे लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. चार ते आठ वर्षांची मुले येतात. कुणी आईबरोबर येते, कुणी आजीचे बोट धरून येते. मास्तरकीतून मोकळा झाल्यापासून गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे आहे.

गोष्टी बहुतेक पशुपक्ष्यांच्या असतात. का बरे? लहान मुलाला 'लोभ वाईट' असे सांगा, ते नुसते तोंडाकडे बघत राहील. पण लोभी कोल्ह्याची गोष्ट सांगा, त्याला लगेच कळेल. ही युक्ती फार जुनी आहे. पंचतंत्र नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. एका राजाची तीन मुले अभ्यास करीत नव्हती. विष्णुशर्मा नावाच्या पंडिताने त्यांना पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगून शहाणे केले, असे त्यात आरंभीच सांगितले आहे. या गोष्टी सहाव्या शतकात इराणात गेल्या. पुढे आठव्या शतकात अरबी भाषेत गेल्या आणि तेथून दूरदूरच्या देशांत पोचल्या.

पण गोष्ट सांगणारा चुकला तर काय होते, ते मी अनुभवाने शिकलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

एका रविवारी मी पंचतंत्रातली कावळ्यांची आणि घुबडांची गोष्ट सांगितली. कावळे आणि घुबडे यांचे वैर होते. एक म्हातारा कावळा कपटाने घुबडांच्या गुहेत राहिला. त्याने गुहेच्या तोंडाशी काटक्या रचल्या. मग कावळ्यांनी आग आणली आणि सारी घुबडे जळून मेली. मुलांनी टाळ्या पिटल्या. मीही खूश होऊन घरी गेलो.

दुपारी एक सहा वर्षांची मुलगी रडत माझ्या दारात आली. "मास्तर, पोरं घुबडाला दगड मारताहेत. त्याने काय केलं हो?"

मी तसाच धावलो. पडक्या वाड्यामागे उंबराचे झाड आहे. त्याच्या ढोलीत घुबड राहते. मुले खाली दगड घेऊन उभी होती. मी रागावलो, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलंत, घुबडं वाईट असतात!" एक दगड पंखाला लागला होता. घुबड आत सरकून बसले होते. त्या रात्री मला झोप आली नाही. दगड मुलांच्या हातात होते, पण ते दिले होते मी.

पुढच्या रविवारी मी मुलांना प्रथम म्हणालो, "माझं चुकलं. गोष्ट मी अर्धीच सांगितली." मग मुंगसाची गोष्ट घेतली. ती वाचली आमच्या प्रौढ वर्गातल्या एका बाईंनी. त्यांना अक्षर येऊन वर्षच झाले होते. "मी अडखळते, पोरं हसतील," असे त्या म्हणत होत्या. त्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचले. मुंगसाने सापाला मारून बाळाला वाचवले. आई पाणी घेऊन आली. तिने मुंगसाचे रक्ताने माखलेले तोंड पाहिले. याने बाळाला खाल्ले असे समजून तिने घागर त्याच्यावर टाकली. मुंगूस मेले. आत जाऊन पाहते तो बाळ सुखरूप!

बाई थांबल्या. कुणीही हसले नाही.

मी विचारले, "आईचं काय चुकलं?" दगड मारणारा मुलगाच हळूच म्हणाला, "तिने आधी आत जाऊन बघायला पाहिजे होतं."

मग आम्ही सारे उंबराखाली गेलो. तिथे काळपट गोळे पडले होते. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि त्याचे केस व हाडे असा गोळा करून ओकून टाकते. काडीने एक गोळा फोडला. आत उंदराची इवलीशी कवटी निघाली! मी सांगितले, "जो उंदीर आपलं धान्य खातो, त्याला हा पक्षी खातो. हा शेतकऱ्याचा रात्रीचा राखणदार." घुबड अशुभ असते, ही समजूत खोटी आहे. 1972 च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे गुन्हाही आहे.

चार दिवसांनी संध्याकाळी घुबड ढोलीच्या तोंडाशी बसलेले दिसले. ती बातमी मला त्या मुलानेच आणली.

तुम्हीही आपल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवा. एवढे ध्यानात ठेवा :

1. गोष्ट आधी स्वतः एकदा वाचावी.
2. सावकाश वाचावे. अडखळण्याची लाज नको.
3. चित्र सर्वांना दाखवावे. प्राण्यांचे आवाज मुलांना काढू द्यावेत.
4. अर्ध्या तासात संपवावे. तीच गोष्ट पुन्हा मागितली, तर पुन्हा सांगावी.
5. शेवटी त्या प्राण्याची खरी माहिती द्यावी. गोष्टीतले घुबड वेगळे, झाडावरचे वेगळे.

प्रश्न

1. मुलांनी घुबडाला दगड का मारले?
2. मुंगसाच्या गोष्टीतल्या आईचे काय चुकले?
3. घुबड शेतकऱ्याच्या कोणत्या उपयोगी पडते?
4. या आठवड्यात तुम्ही घरातल्या मुलाला कोणती गोष्ट वाचून दाखवाल? तिचे नाव वहीत लिहा.