शुल्क भरण्यापूर्वी

शाळा सोडून गेलेले आमचे विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न घेऊन येतात : व्यक्तिमत्त्व विकासाच्या अमुक शिबिराचे शुल्क भरावे काय? ज्यांच्या घरी ऊसतोडीची उचल अजून फिटलेली नाही, त्यांचा हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्तात कालामांपुढे असाच पेच होता. येणारा प्रत्येक आचार्य स्वमताची थोरवी गाई, इतरांची निंदा करी. केवळ ऐकीव म्हणून वा सांगणारा पूज्य म्हणून स्वीकारू नका, आचरणाचे फळ स्वतः पारखा, असे तथागतांनी त्यांना सांगितले.

परंतु शिबिरात फळ दिसण्यापूर्वीच पैसे द्यावे लागतात; खरी अडचण तेथे आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवरील १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला शुल्क नाही, आणि दान स्वीकारले जाते तेही शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. हा क्रम सर्वत्र शक्य नाही, हे आम्हांस मान्य. शिक्षकालाही पोट आहे. तरी विचारावे : नेमके कोणते कौशल्य शिकवणार? मध्येच सोडल्यास रक्कम परत मिळेल काय? मंचावरील अनुभवकथनावर न विसंबता, वर्षापूर्वी शिबिर केलेल्या दोघा-तिघांना गाठावे. ‘आजच भरा, उद्या दर वाढेल’ असे कोणी म्हटले, तर एक रात्र थांबून घरी विचारावयास आम्ही सांगतो.