मुळशीतील घरांचा बाजार : मासिक आकडे कसे वाचावेत?

पुणे शहराच्या पश्चिमेस असलेल्या मुळशी तालुक्यात दोन चित्रे शेजारी शेजारी दिसतात. धरणाकडील डोंगराळ पट्ट्यात भाताची खाचरे आहेत, तर हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, पिरंगुट या गावांत बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. 'गेल्या महिन्यात घरांची विक्री वाढली, भाव चढले' अशी वृत्ते येथे उत्सुकतेने वाचली जातात. जमीन विकू पाहणारा शेतकरी, आयुष्याची पुंजी घरात घालणारा शिक्षक आणि अंदाजपत्रक मांडणारी ग्रामपंचायत, या सर्वांचे निर्णय त्यांवर अवलंबून असतात. म्हणूनच या आकड्यांचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणीचा महिना आणि व्यवहाराचा महिना

हे आकडे मुख्यतः दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्तनोंदणीवरून काढले जातात. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दस्तावर सह्या झाल्यावर तो नोंदणीसाठी सादर करण्यास सर्वसाधारणपणे चार महिन्यांची मुदत असते. व्यवहार एका महिन्यात आणि नोंद दुसऱ्या महिन्यात, असे त्यामुळे घडू शकते.

याचे बोलके उदाहरण २०२० सालचे आहे. शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्काच्या दरात ३ टक्क्यांची, तर १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांची सवलत दिली. डिसेंबरमध्ये राज्यभर नोंदणीसाठी गर्दी उसळली. शुल्क भरून सह्या झालेले काही दस्त पुढील महिन्यांत नोंदले गेले. ही सारी वाढ नव्या मागणीची नव्हती. पुढे होणारे अनेक व्यवहार सवलतीमुळे अलीकडे आले होते. टाळेबंदीच्या एप्रिल २०२० शी कोणत्याही महिन्याची तुलना केल्यास तीही अशीच फसवी ठरते.

पंचांग आणि दरतक्ते

वार्षिक बाजारमूल्य दर १ एप्रिलपासून लागू होतात. दरवाढीची शक्यता असली की मार्चमध्ये नोंदणी वाढते. २०२२ चे दर पुढे कायम राहिले व १ एप्रिल २०२५ पासून वाढविण्यात आले. पितृपंधरवड्यात व्यवहार मंदावतात, पाडव्यास वाढतात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, तर २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता. अशा वेळी दोन्ही वर्षांचे मार्च व एप्रिल एकत्र घेऊन तुलना करणे योग्य होय.

सरासरी किमतीचा भ्रम

समजा, एका महिन्यात ३० लाखांची आठ व १ कोटीची दोन घरे विकली गेली. सरासरी ४४ लाख झाली. पुढील महिन्यात त्याच किमतींची पाच-पाच घरे विकली गेली, तर सरासरी ६५ लाख होईल. प्रत्यक्षात एकाही घराचा भाव वाढलेला नाही! म्हणून समान आकाराच्या घरांचा प्रति चौरस मीटर दर व किमतींचा मध्यक पाहावा.

गावांची यादीही तपासावी. बावधन बुद्रुक, सूस व म्हाळुंगे ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. पूर्वीच्या आकड्यांत ती धरली आणि नंतरच्या आकड्यांतून वगळली, तर बाजार घसरल्याचा आभास निर्माण होतो.

ग्रामपंचायतींनी काय करावे?

मुद्रांक शुल्कावरील अधिभारातून ग्रामपंचायतींनाही वाटा मिळतो. एखाद्या तेजीच्या महिन्यावर विसंबून कायमचा खर्च ठरविला, तर पुढे तूट सोसावी लागते. तसेच नोंदलेले प्रत्येक घर लगेच वसत नाही. पाणी, सांडपाणी व शाळा यांची गरज कुटुंबे राहावयास आल्यावर निर्माण होते. यास्तव दस्तनोंदणीचे बारा महिन्यांचे आकडे, भोगवटा प्रमाणपत्रे आणि कर आकारणी नोंदवही एकत्र ठेवून नियोजन करावे. महिन्याचा आकडा वाऱ्याची दिशा सुचवितो. पावसाचा अंदाज मात्र वर्षभराच्या नोंदींवरूनच बांधावा लागतो.