डोंगर दिसतो म्हणून घेतलेला प्लॉट

आष्टीत प्लॉट बघायला गेलो तेव्हा एजंटानं आधी सातबारा दाखवला नाही. शेजारच्या अर्धवट बांधकामाच्या स्लॅबवर नेऊन उभं केलं आणि हात लांब करून बालाघाटाची रांग दाखवली. म्हणाला, "सर, एवढा डोंगर तुम्हाला फुकटात." त्या फुकटाचे मी गुंठ्यामागं चांगले जादा पैसे मोजले. मधला प्लॉट मोकळा होता, त्यात बाभळी होत्या. तो कुणाचा, तिथं पुढं काय होणार, हे विचारायचं सुचलंही नाही.

2011 साली घर बांधलं. तळमजला, वर एक खोली आणि पुढं गच्ची. गच्चीचा खरा मालक म्हणजे आमचे दादा. साठ वर्षं कोरडवाहू शेती केलेला माणूस. मृग लागला की संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन डोंगराकडं तोंड करून बसायचे. रांगेवर पावसाचा पांढरा पडदा उतरला की खाली आवाज द्यायचे, "अर्ध्या तासात येतंय, सरपण झाका." कधी चुकायचे, पण मोबाईलवरच्या अंदाजापेक्षा कमी. पावसाची वाट बघण्यात आयुष्य जाणाऱ्या आमच्या तालुक्यात पाऊस लांबून येताना दिसणं ही चैन नव्हे, हे लक्षात घ्या.

23 सप्टेंबर 2022 ला नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली. 66 किलोमीटरचा मार्ग; गावानं कित्येक वर्षं वाट पाहिलेली. मीही टाळ्या वाजवल्या. प्लॉटचे भाव वर सरकले, बाभळी तुटल्या आणि वर्षभरात मधल्या प्लॉटवर तीन स्लॅब पडले. त्यावर जिन्याची खोली आणि खोलीच्या डोक्यावर काळी टाकी. दादांनी खुर्ची आधी डावीकडं सरकवली, मग उजवीकडं. तिसऱ्या दिवशी ती खाली आणून ओट्यावर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

मी मात्र बोललो, नको तेवढं बोललो. नगरपंचायतीत गेलो, नकाशा मंजूर, बाजूचं अंतर नियमाप्रमाणं सोडलेलं. मग वकील गाठला. त्यानं जे सांगितलं, ते कुणीतरी प्लॉट घेण्याआधी सांगायला हवं होतं.

आपल्याकडं 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. घराच्या खिडकीतून येणारा उजेड आणि वारा सलग वीस वर्षं, बिनतक्रार, हक्क म्हणून उपभोगला असेल तर त्याला संरक्षण मिळतं. तेही थोडा अंधार झाला म्हणून नाही, नुकसान ठळक असावं लागतं. मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क मात्र असा वहिवाटीनं मिळतच नाही. आणि दृश्य? "सर, तुमच्या घराला अजून वीस वर्षं झाली नाहीत ते सोडा. शंभर झाली असती तरी डोंगर बघण्याचा हक्क मिळत नाही."

म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवरून दिसणारं दृश्य हे उसनं. मालकानं मागितलं की परत.

सरकार उंचीवर बंधन घालतच नाही असं नाही, पण ते सार्वजनिक गोष्टीसाठी. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून मरीन ड्राइव्हची कमान दिसावी म्हणून खालच्या इमारतींना सुमारे सत्तर फुटांची मर्यादा घातली गेली. संभाजीनगरला बीबी का मकबरा किंवा कुठलंही केंद्र संरक्षित स्मारक घ्या: भोवती 100 मीटर नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. या गोष्टी लाखोंच्या डोळ्यांसाठी आहेत. माझ्या दादांच्या खुर्चीसाठी नगरपंचायत ठराव करणार नाही, आणि करूही नये. शेजाऱ्याला दोन मुलं आहेत. त्यानं तीन मजले बांधू नयेत असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

तेव्हा प्लॉट घेणाऱ्यांनी एवढं करावं. विकास आराखड्यात आजूबाजूच्या जागा कशासाठी दाखवल्या आहेत ते बघावं. समोरचा रस्ता किती रुंद, हे मोजावं. किती उंच बांधता येईल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. 2020 च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे अपवाद सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, ती नगरपंचायतींनाही लागू आहे. तिथल्या इंजिनियरला विचारायला पैसे पडत नाहीत. दृश्य इतकंच जिवाचं असेल तर शेजाऱ्याशी लेखी करार करून तो नोंदवावा, मोबदला द्यावा. एजंटाच्या हाताला किंमत देऊ नये. नवा आराखडा हरकतींसाठी जाहीर होतो तेव्हा गावातली एखादी सगळ्यांची जागा, जिथून सगळ्यांना डोंगर दिसतो, तिच्यासाठी अर्ज द्यावा. तो अर्ज मुदतीतच द्यावा लागतो. नंतर ओरडून काही होत नाही, मी ओरडून पाहिलंय.

एक सांगायचं राहिलं. चिडून चिडून दमल्यावर एकदा मागच्या घरच्या आजींकडं गेलो. त्यांच्या ओट्यावर बसलो आणि समोर बघितलं. समोर माझी वरची खोली होती. मी म्हटलं, "आजी, इथून पूर्वी डोंगर दिसायचा का?"

"दिसायचा की," आजी म्हणाल्या, "तुम्ही बांधायच्या आधी."

बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आता पावसाळ्यात मी त्यांनाही घेऊन मधल्या इमारतीच्या गच्चीवर जातो. दादांची खुर्ची तिथंच असते. ती शेजाऱ्यानं स्वतः वर नेऊन ठेवली. त्याला विचारायला मला दीड वर्ष लागलं.