नाबोथाचा मळा आणि नियमगिरीची ग्रामसभा

वाचन: १ राजे २१:१-१६



अहाब राजाचा प्रस्ताव वरवर पाहता वाईट नव्हता. नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात त्याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत. आजच्या भाषेत पुनर्वसन किंवा मोबदला. तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते आणि जमीन मुळात परमेश्वराची (लेवीय २५:२३). पुढे ईजबेलने जे केले ते नीट वाचा. तिने उपास पुकारायला लावला, वडीलजन बसवले, नियमशास्त्राला लागतात तसे दोन साक्षीदारही उभे केले. कायद्याची रीत पाळली गेली. नाबोथाला बोलू दिल्याचा मात्र कुठे उल्लेख नाही.

लोकशाही, मानवी हक्क आणि विकास यांवरच्या कायद्याच्या लिखाणात एक जुना वाद आहे. आधी गरिबी हटू द्या, हक्कांचे नंतर पाहू, असे एक पक्ष म्हणतो. अमर्त्य सेन यांनी १९९९ साली याचे उत्तर दिले: स्वातंत्र्य हे विकासाचे साधन आहे आणि साध्यही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८६ च्या विकासाच्या हक्काच्या जाहीरनाम्यातही माणसाला विकासातला सक्रिय सहभागी म्हटले आहे. पण सहभागी माणसाला ‘नको’ म्हणता येते का? वाद खरा इथे अडतो.

ओडिशातल्या नियमगिरीवर तो कसाला लागला. डोंगरात बॉक्साइट, आणि डोंगर हाच डोंगरिया कोंध लोकांचा देव, नियमराजा. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणीमुळे त्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे. त्या पावसाळ्यात बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी खाण नाकारली.

डोंगराला देव मानणाऱ्यांची बाजू आपण का घ्यावी, असे मला एका मंडळीत विचारले गेले. प्रश्न प्रामाणिक होता. मी एवढेच म्हणालो की ज्या कलम २५ चा आधार त्या निकालात आहे, त्याच कलमाखाली आपण दर रविवारी उपासनेला जमतो.

दुसऱ्यांचे सांगताना माझेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर आम्ही शिवणयंत्रे वाटली. हेतू चांगला होता. विचारले कोणालाच नव्हते. वर्षभराने पाहिले तर त्यांवर धान्याची पोती रचलेली. एक आजी म्हणाल्या, “भाऊ, आम्हाला जंगलाचा कागद पाहिजे होता.” मीही अहाबासारखा चांगला मळा घेऊनच गेलो होतो, हे तेव्हा कळले.

तो कागद म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा. त्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया. दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच घरे ऊसतोडीला जातात आणि मग सभा भरत नाही. ती त्याआधी व्हावी, आणि त्या आजींना तिथे बोलता यावे, म्हणून प्रार्थना करा. यंत्रे अजून तिथेच आहेत. त्यांचे काय करायचे, हेही त्याच सभेत विचारणार आहोत.