हजेरीपटाचा क्रम आणि सर्व्हरची बांधणी

काळे, कासार, क्षीरसागर, खरात व हिवाळे हीं पांच आडनांवें वर्णानुक्रमानें लावावयाचीं आहेत. वर्णमाला पाठ असलेला विद्यार्थी कासार, काळे, खरात, हिवाळे, क्षीरसागर असा क्रम लावील. कारण आपल्या वर्णमालेंत ळ व क्ष हीं अक्षरें ‘ह’च्या पुढें येतात. अक्षरांचे केवळ युनिकोड क्रमांक पाहून चालणारा संगणक मात्र हीं नांवें आम्ही प्रथम लिहिलीं त्याच क्रमानें लावतो. युनिकोडांत ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढचा आहे, आणि क्ष हें तेथें स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त चिन्ह व ष यांची जोडणी आहे, म्हणून क्षीरसागर ‘क’च्या घरांत जाऊन बसतात. पांच नांवांत ही गंमत वाटेल. परंतु हजारों नांवांच्या प्रवेशयादीचें शेवटचें पान पाहून ‘आपल्या मुलाचें नांव नाहीं’ असें समजून एखादे पालक परत फिरले, तर ती गंमत राहत नाहीं.

नांवें सांभाळून मागेल त्यास काढून देणाऱ्या प्रोग्रॅमला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. त्यास मराठी क्रम कळेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं त्याच्या बांधणीच्या वेळींच ठरतें. आम्ही येथें पोस्टग्रेस्क्यूएलचें उदाहरण घेतों. त्याचें मूळ १९८६ सालीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखालीं सुरू झालेल्या कामांत आहे; आजचें नांव त्यास १९९६ सालीं मिळालें. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचतां येणारी मूळ आज्ञावली, कोणासही मोफत मिळते.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी उंचावरून पाडून तिचें जातें फिरविलें जाई. घरचें जातें हातानें फिरतें, गिरणी विजेवर. धान्य तिन्ही ठिकाणीं एकच. सोर्स कोड हें धान्य आणि कंपायलर हें जातें. उपमा येथेंच सोडावी हें बरें. कारण पिठाची भाकरी कोणत्याही घरीं भाजते, पण लिनक्ससाठीं दळलेलें पीठ विंडोजच्या तव्यावर भाजत नाहीं.

लिनक्सवर क्रम सोपा आहे. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा यंत्रावर काय आहे व काय नाहीं याची झडती घेते. ‘मेक’ कंपायलरकडून दळण करवितें. ‘मेक चेक’ परीक्षा घेतें. ‘मेक इन्स्टॉल’ तयार माल जागेवर ठेवतें. फ्रीबीएसडीवर ‘मेक’ नांवाचा प्रोग्रॅम निराळ्या घराण्याचा आहे, तेथें ‘जीमेक’ म्हणावें लागतें. मॅकवर आधीं ॲपलचीं विकासाचीं साधनें घ्यावीं लागतात. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर वापरावयाचा असेल, तर सतराव्या आवृत्तीपासून (२०२४) मेसन या बांधणी-साधनाचीच वाट आहे.

आतां मुख्य मुद्दा. निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम जाणणारें आयसीयू नांवाचें एक ग्रंथालय आहे. त्यांत मराठीचा ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ हा क्रम नोंदलेला आहे. पोस्टग्रेस्क्यूएलनें त्याचा आधार २०१७ सालीं दहाव्या आवृत्तींत घेतला, परंतु बांधतांना तो मुद्दाम मागावा लागे. सोळाव्या आवृत्तीपासून (२०२३) तो न मागतां धरला जातो. आयसीयू सांपडलें नाहीं तर ‘कॉन्फिगर’ थांबतें, आणि तें नको असल्यास तसें सांगण्याची सोय दाखवितें. उतावळा विद्यार्थी तीच सोय पत्करतो. बांधणी पार पडते, परीक्षाही उत्तीर्ण होते, आणि मराठी क्रम हातचा जातो! अशा वेळीं दहा मिनिटें खर्चून आयसीयूची विकासासाठींची प्रत बसवावी. मॅकवर होमब्रूनें ती बसविली असली, तरी ती नेहमींच्या जागीं नसते. तिचा पत्ता हातानें द्यावा लागतो.

इतकें करूनही सर्व्हर आपण होऊन मराठी क्रम धरीत नाहीं. ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हें क्रमाचें नांव आज्ञेंत लिहावें लागतें, नाहींतर बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमचाच क्रम चालतो. वरील पांच आडनांवें घालून पाहावीं. क्षीरसागर शेवटीं आले म्हणजे काम साधलें.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्रमावर विसंबण्यांत दुसरा एक धोका आहे. २०१८ सालीं लिनक्सच्या जीलिबसी या मूळ ग्रंथालयाच्या २.२८ व्या आवृत्तींत वर्णक्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमानें बांधलेल्या इंडेक्सांत नव्या क्रमानें शोध घेतला जाई, आणि नोंद जागेवर असूनही ‘सांपडत नाहीं’ असें उत्तर येऊं शके. अशा इंडेक्स पुन्हां बांधणें प्राप्त झालें. आयसीयूचेही नियम आवृत्तीगणिक बदलूं शकतात. परंतु ज्या आवृत्तीनें क्रम ठरला तिची नोंद पोस्टग्रेस्क्यूएल जवळ ठेवतें, आणि मेळ न बसल्यास इशारा देतें. तो इशारा दिसतांच त्या क्रमावरील इंडेक्स आधीं नव्यानें बांधाव्या, मग यादी छापावी.