शेवटच्या भागात मूल पळवू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. भाचीस,

तू पाठवलेले तीन भाग आणि शेवटच्या भागाचा आराखडा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन बसले होते. कोल्हापुरातली फौजदारीण, नवरा नाही, पदरी सहा वर्षांची मुलगी, आणि खुनाचा तपास. अशी मालिका मराठीत यावी असं मला मनापासून वाटतं. 1989 साली दूरदर्शनवर ‘उडान’ लागायची. ती बघून मी आईला सांगितलं होतं, मी पोलिसात जाणार. कविता चौधरीनं स्वतःच्या बहिणीच्या आयुष्यावरून ती लिहिली होती, हे मला फार नंतर कळलं. मालिका सुरू झाली त्याच्या पुढल्या वर्षी मी भरती झाले. तेव्हा टीव्हीवरची एखादी बाई कुणाचं काय करू शकते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र जरा लांबलंय.

मुख्य गोष्ट आधी सांगते. शेवटच्या भागात गुन्हेगार त्या मुलीला पळवून नेतो, ते काढून टाक.

तू म्हणशील, प्रेक्षक त्यानेच खिळून राहतो. राहतो, खरं आहे. पण ही गोष्ट तू कोल्हापुरात मांडली आहेस. 1996 साली अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा, पकडल्या गेल्या तेव्हा मी शिपाई होते. गर्दीत चोरी करताना संशय येऊ नये म्हणून त्या कडेवर मूल ठेवायच्या. त्यासाठी दुसऱ्यांची पोरं पळवायच्या आणि नकोशी झाली की मारून टाकायच्या. त्या दिवसांत महाद्वार रोडला चालताना बायका पोराचा हात नाही, मनगट धरायच्या. मीही धरायचे. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. खटला इथल्याच सत्र न्यायालयात चालला, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशीची शिक्षा लागली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे दयेचा अर्ज इतकी वर्षं रखडला की त्याच कारणानं जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. पहिल्या अटकेपासून पंचवीस वर्षं. ज्या गावानं एवढं पाहिलंय, तिथं मूल पळवणं हा शेवटची दहा मिनिटं रंगवायचा मसाला होऊ शकत नाही. आणि आणखी एक. मूल पळवलं की तुझी नायिका फौजदारीण उरत नाही, फक्त रडणारी आई उरते. आधीच्या भागांत जे उभं केलंस ते तूच पाडतेस.

आता मुलीकडे वळते. तीन भागांत ती चार वेळा दिसली. चारही वेळा झोपलेली. आई निघते तेव्हा झोपलेली, येते तेव्हा झोपलेली. तिला शाळेत सोडलं कुणी? डबा कुणी भरला? दुपारी साडेबाराला शाळा सुटल्यावर ती कुणाकडं जाते? तुझ्या लिखाणात याचं उत्तर नाही. एकट्या आईच्या डोक्यात मात्र दिवसभर हाच एक हिशेब चालू असतो.

तुझे काका गेले तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. मी नोकरी करू शकले ती तुझ्या आजीमुळे. हे मी उपकार फेडायला सांगत नाही, ते फिटणारे नव्हेत. सांगते ते यासाठी, की तपास कसा चालतो हे दाखवताना त्यामागं कोण उभं आहे तेही दाखव. बंदोबस्ताची ड्यूटी बारा तासांची, गणपती विसर्जनाला तर मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सरत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेला उभं राहायचं, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर. एका रात्री पोराला ताप भरला आणि मी सुटी मागितली, तेव्हा एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, पोरंबाळं सांभाळायची तर घरी बसायचं. मी नाकाबंदीला गेले. पहाटे घरी आले तर आई त्याच्या कपाळावर घड्या बदलत बसलेली. तिनं मला काही विचारलं नाही, नुसता चहा टाकला. आता दिवस थोडे बदललेत. 2018 पासून सरकारी नोकरीतल्या बायकांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. 2022 मध्ये महिला पोलिसांची ड्यूटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेश निघाला. तरी आठ तास संपले म्हणून ऐन पंचनाम्यातून कुणी उठून जात नाही. तो प्रसंग लिही. लाख वितळतेय, मुद्देमालाच्या पुडीवर सील बसतंय, दोन पंच सहीसाठी थांबलेत आणि खिशातला फोन थरथरतोय. रिक्षावाले मामा फोन करतायत, शाळेच्या दारात ती एकटीच राहिली आहे. सांग, इथं पाठलागाची काय गरज?

दुसऱ्या भागात नायिका खुनी ओळखते आणि वर म्हणते, ‘मी आई आहे, मला कळतं.’ हे वाक्य मी पेन्सिलीनं खोडलंय. आईपणानं अंगात काही येत नसतं. रोज जे काम हातून होतं, त्यातून नजर तयार होते, आणि ती नजर तपासाला लागते. एक सांगते. एक बाई बेपत्ता असल्याची तक्रार आली. नवरा म्हणाला, काल रात्री भांडून निघून गेली. आमचे तपासी अंमलदार रात्रीच्या एसट्यांची चौकशी करत होते, मी त्यांची रायटर, जबाब लिहून घेत होते. त्या जोडप्याची लहान मुलगी दारात उभी होती, शाळेच्या कपड्यांत. मी तिच्या वेण्यांकडं बघितलं. घट्ट, भांग सरळ, एक केस सुटलेला नाही. तू सुटीला यायचीस तेव्हा तुझ्या वेण्या मीच घालायचे ना. आदल्या दिवशीच्या वेणीवर पोर झोपून उठलं की ती कशी होते, मला माहीत होतं. म्हणजे ही वेणी त्याच सकाळची होती. ती कुणी घातली, असं पोरीला विचारलं तर म्हणाली, आईनं. रात्रीच्या एसट्या सोडून आम्ही सकाळच्या रिक्षा स्टॉपवर गेलो आणि दुपारपर्यंत बाई सापडली. जिवंत सापडली, अंगावर वळ होते. साहेबांनी डायरीत माझं नाव घातलं नाही, ते जाऊ दे. तुझ्या नायिकेला अशी एक वेणी शोधून दे.

डॅनिश मालिका ‘फोर्ब्रिडेल्सन’ तू मला लॅपटॉपवर दाखवलीस ते बरं केलंस. पहिलं पर्व 2007 सालचं, वीस भाग, एकेका भागात तपासाचा एकेक दिवस. त्यातली सारा लुंडही घटस्फोटित, एका मुलाची आई. तिचा मुलगा हळूहळू तिच्यापासून लांब जातो, आणि ते होताना आपल्याला दिसत राहतं. ती तुला आवडली म्हणून तिचा अबोलपणा मात्र उचलू नकोस. तिला शेजार नाही. आपल्याकडं जिना उतरेपर्यंत चार जणी विचारतात, आज उशीर का?

आणि ती एकटी का आहे, हे ठरव. तू नुसतं ‘नवरा नाही’ लिहून पुढं गेलीस. विधवा, घटस्फोटित, टाकलेली, या तिघींशी गल्ली तीन तऱ्हांनी वागते. विधवा असेल तर हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, आणि तेच बोलावणं चुकून आलं तर ते कसं नाकारायचं हेही तिला शिकावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. तुझी नायिका हेरवाडच्या वाटेवरची असेल तर? घटस्फोटित असेल तर शाळेच्या अर्जावर दर वर्षी वडिलांच्या नावाची रेघ येईल. मुलाच्या नावापुढं आईचं नाव लिहायचा नियम 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. तुझ्या मालिकेतली मुलगी सहा वर्षांची, तिच्या दाखल्याला तो लागू नाही.

एक नाव लिहिताना हात थबकतोय. हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावची अश्विनी बिद्रे, सहायक पोलीस निरीक्षक, एका मुलीची आई. नवी मुंबईत नोकरीला असताना एप्रिल 2016 मध्ये बेपत्ता झाली. खात्यातल्याच एका वरिष्ठ निरीक्षकाला डिसेंबर 2017 मध्ये अटक झाली आणि एप्रिल 2025 मध्ये जन्मठेप लागली. मृतदेह मिळाला नाही. नऊ वर्षं तिच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. तिच्यावर मालिका लिही असं मी म्हणत नाही, उलट कृपा करून लिहू नकोस. पण तुझ्या तिसऱ्या भागात नायिका बेपत्ता बाईची तक्रार ‘येईल परत’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या हवालदाराकडं बघून हसते. ते हसू काढ. वर्दीतली बाई बेपत्ता झाली तरी घरच्यांना किती दारं ठोठावावी लागली, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय.

बारीकसारीक गोष्टी समासात लिहिल्यात. जप्त केलेला सुरा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकता येत नाही. आणि 1 जुलै 2024 पासून जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. लहान मुलीचा जबाब ‘पोक्सो’खाली घ्यायचा तर महिला अधिकारी वर्दीत जात नाही. हा तुला फुकट मिळालेला प्रसंग आहे बघ. सकाळी वर्दी इस्त्री करून ठेवलेली, ती कपाटात परत टांगून नायिका साधा ड्रेस घालते आणि तिची मुलगी विचारते, आज तुला सुटी आहे? पूर्ण एक भाग त्या प्रश्नावर उभा राहील.

शनिवारी ये. चित्रनगरीत जागा बघायच्या आहेत म्हणालीस, त्याआधी माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात चल. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी तासभर नुसती बसून राहा. आणि येताना त्या मुलीचं नाव ठरवून आण. तीन भाग झाले, तू तिला ‘मुलगी’ एवढंच लिहिलंयस. ती शाळेतून कुणाबरोबर घरी येते, तेही.

तुझी,
मावशी