नांगराची इलेक्ट्रिक विंच फिरत नाही? मोटार खोलण्याआधी हे तपासा



कारंजा जलाशय असो की भीमेवरचा सोन्ना बंधारा, आपल्यातले बहुतेक जण नांगर हातानंच ओढतात. पण किनारपट्टीकडून जुनी सहलीची बोट घेतली, तर तिच्या पुढच्या टोकाला 12 व्होल्टची विंच असू शकते. ती बंद पडली की लोक थेट मोटार काढून रिवाइंडिंगला नेतात. पैसे जातात आणि दोष वायरीतच राहतो.

हिशोब बघा. 1000 वॉटची मोटार 12 व्होल्टवर सुमारे 83 अँपिअर ओढते. एखादा लग सैल असला, नुसता 0.02 ओहमचा अडथळा आला, तरी तिथंच दीड व्होल्टपेक्षा जास्त जातात आणि जोड तापतो. खाऱ्या पाण्यात चाललेल्या बोटीची तांब्याची तार रबराच्या आत हिरवी पडते, बाहेरून दिसत नाही.

तपासताना बोट काठाला बांधा. विंचला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. बोटं, पदर, गमछा दोरापासून लांब ठेवा.

1. बॅटरी: इंजिन बंद करून थोड्या वेळानं मीटर लावा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. आधी चार्ज करा.

2. आवाज: बटण दाबून ऐका. "टक्" आवाजच नाही, तर फ्यूज, बटण, त्याची बारीक वायर आणि सोलेनॉइड बघा. "टक्" येतो पण विंच फिरत नाही, तर जाड केबल, लग, सोलेनॉइडचे पॉइंट बघा.

3. व्होल्ट कुठं जातो: नांगर उथळ पाण्यात सोडा आणि वर ओढताना दोघांनी मिळून मोजा. रिकामी विंच करंट कमी ओढते, त्यामुळं दोष लपतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं मोटारीच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर दोष त्याच वाटेत आहे. मायनसची बाजूही तशीच मोजा. बटण काही सेकंदच दाबा.

4. मोटारीपाशी पूरा व्होल्ट येतो, तरी फिरत नाही: मगच ब्रश, गिअर, मोटार. आता मेकॅनिककडे न्या.

5. वर चालते, खाली नाही: बटण किंवा त्या बाजूचा सोलेनॉइड. मोटार फिरते, ड्रम फिरत नाही: क्लच सैल.

ब्रेकर सारखा पडतो म्हणून मोठा ब्रेकर बसवू नका. वायर पेटेल.

विंच नांगर उचलायला आहे, बोट ओढायला नाही. इंजिनवर बोट नांगराच्या डोक्यावर आणा, मग बटण दाबा. मुक्कामाला दोर खुंटाला बांधा, ओझं विंचवर ठेवू नका.

नांगर बुडालेल्या खोडात अडकला तर विंचवर जोर लावू नका. वारा सुटला किंवा वरून पाणी सोडलं असेल, तर सरळ दोर कापा. त्यासाठी कोयता हाताशी ठेवा. नांगर पुन्हा घेता येतो, घरचा माणूस नाही.

मीटर वापरायला जमत नसेल तर संस्थेत या, दोघं मिळून बघू.

– सचिव